तोंड येणे, मूळपेशी प्रत्यारोपण आणि लाल प्रकाशाचा डोस



'तोंड आलंय' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलेले असते. जागरण झाले, पोट बिघडले किंवा जेवताना गाल चावला गेला की आत एक पांढरट व्रण येतो. दोन दिवस तिखट बंद होते. आजी जाईचा पाला चावायला सांगते, आई बोरोग्लिसरीन लावते आणि आठवड्याभरात प्रकरण मिटते. या पाठात ज्या तोंड येण्याविषयी आपण बोलणार आहोत, त्याचे बोलीतले नाव हेच आहे, पण त्याचे माप फार वेगळे आहे. त्यात गालाची आतली बाजू, ओठांचे अस्तर, जिभेची खालची बाजू आणि घसा एकाच वेळी सोलवटून निघतात. रुग्णाला घोटभर पाणी गिळता येत नाही, वेदनेसाठी मॉर्फिन द्यावे लागते आणि अन्न शिरेतून द्यायची वेळ येते. वैद्यकशास्त्रात याला ओरल म्युकोसायटिस म्हणतात. मूळपेशी प्रत्यारोपण, म्हणजे बोलीभाषेतले बोन मॅरो ट्रान्सप्लांट, झालेल्या रुग्णांमध्ये हा त्रास फार मोठ्या प्रमाणावर दिसतो.

मी चरोद्याजवळ एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मग हा विषय माझ्याकडे कसा आला? काही वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाचा एक गट प्रोजेक्टचा प्रस्ताव घेऊन आला. त्यातल्या एका मुलीच्या काकांना मल्टिपल मायलोमा होता आणि त्यांचे प्रत्यारोपण मुंबईत झाले होते. तिथे रोज त्यांच्या तोंडात पेनासारखे एक उपकरण धरून लाल प्रकाश देत असत, हे तिने पाहिले होते. तिचा प्रश्न सरळ होता : "सर, लाल एलईडी तर आपल्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये मूठभर पडलेत. हेच ते ना?"

त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर म्हणजे हा पाठ. बारावीचे भौतिकशास्त्र आणि थोडे जीवशास्त्र आठवत असेल तर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला तो समजेल.

प्रत्यारोपणात तोंडाचे काय होते

भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने केले. रुग्ण रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली नऊ वर्षांची मुलगी होती. त्यानंतर वेल्लोर, दिल्ली, पुणे अशा अनेक ठिकाणी ही सोय झाली. तरीही आमच्या भागातली अनेक कुटुंबे आजही चरोद्याच्या यार्डाला लागून जाणाऱ्या हावडा-मुंबई लाइनवरून मुंबईची वाट धरतात. कारण केवळ कर्करोगाचे नसते. छत्तीसगड आणि शेजारचा विदर्भ हा सिकल सेलचा पट्टा आहे. सिकल सेल आणि थॅलेसेमिया या दोन्ही आजारांत रोग मुळापासून घालवण्याचा, सर्वांत जास्त काळ वापरात असलेला मार्ग प्रत्यारोपण हाच आहे. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून २०१७ पासून अशा मुलांच्या प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. म्हणजे हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

प्रत्यारोपण म्हटले की डोळ्यांसमोर मोठी शस्त्रक्रिया येते, पण प्रत्यक्षात मूळपेशी रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून दिल्या जातात. त्यांच्या आधीचे दिवस अवघड असतात. रुग्णाची जुनी मज्जा आणि उरलेल्या रोगट पेशी नष्ट करण्यासाठी फार मोठ्या मात्रेत केमोथेरपी देतात, कधी सर्वांगाला किरणोपचारही देतात. याला कंडिशनिंग म्हणतात. मायलोमामध्ये साधारणपणे मेल्फालन हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम या मात्रेत दिले जाते. ही मात्रा मज्जा पार रिकामी करते. नंतर दिलेल्या मूळपेशी मज्जेत जाऊन रुजतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते.

आता तोंड मध्ये कुठे आले? केमोथेरपीची बरीच औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी विभागतात, मज्जेतल्या विभागतात, केसांच्या मुळातल्या विभागतात आणि तोंडाच्या अस्तरातल्याही विभागतात. गालाच्या आतले अस्तर एक-दोन आठवड्यांत नवे होत असते. तळाच्या पेशींचे विभाजन थांबले की वरचा थर झिजतो आणि खालून भरपाई होत नाही.

पूर्वी एवढेच स्पष्टीकरण पुरेसे मानले जाई. २००४ साली स्टीफन सोनिस यांनी दाखवले की गोष्ट इतकी सरळ नाही. अस्तराखालच्या पेशींना आणि रक्तवाहिन्यांना आधी इजा होते, तिथून दाहाचे संकेत सुटतात, ते संकेत एकमेकांना वाढवत नेतात, मग व्रण उघडतो आणि शेवटी भरून येतो, असे पाच टप्पे त्यांनी मांडले. आपल्या विषयासाठी यातला महत्त्वाचा भाग असा की व्रण दिसायच्या कितीतरी दिवस आधी आत काम सुरू झालेले असते. म्हणून प्रकाशोपचारही व्रण दिसल्यावर नव्हे, तर कंडिशनिंगच्या दिवसांतच सुरू करतात.

व्रण साधारणपणे केमोथेरपीनंतर आठवड्याभरात दिसू लागतात, दुसऱ्या आठवड्यात सर्वांत वाईट असतात आणि पांढऱ्या पेशी परतू लागल्या की भरू लागतात. म्हणजे तोंड जेव्हा सर्वांत उघडे असते, नेमके तेव्हाच रक्तात जंतूंशी लढायला जवळजवळ कोणी नसते. तोंडात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्ट्रेप्टोकॉकससारखे जंतू त्या उघड्या दारातून रक्तात शिरू शकतात. अशा रुग्णात साधा तापही तातडीची बाब ठरतो. त्या मुलीचे काका तिला म्हणाले होते की थुंकी गिळायची म्हटली तरी आधी मनाची तयारी करावी लागत असे. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असे विचारले तेव्हा अनेकांनी तोंडाचेच नाव घेतले, हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे.

डॉक्टर हा त्रास जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ० ते ४ अशा श्रेणींत नोंदवतात. शून्य म्हणजे काही नाही. १ म्हणजे लाली आणि हुळहुळेपणा. २ म्हणजे व्रण आहेत, पण घन अन्न खाता येते. ३ म्हणजे फक्त पातळ पदार्थ चालतात. ४ म्हणजे तोंडाने काहीच घेता येत नाही. ही मोजपट्टी लक्षात ठेवा, पुढे पुराव्याचे आकडे पाहताना ती लागेल.

प्रकाश औषधाच्या कपाटात कसा आला

प्रकाशाने आजार बरा करण्याची कल्पना जुनी आहे. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचारासाठी १९०३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेसर मात्र १९६० चा : थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला चालता लेसर बनवला. काही वर्षांतच बुडापेस्टचे डॉक्टर एन्ड्रे मेस्टर यांनी उंदरांवर माणिक-लेसरचा प्रयोग केला. या किरणांनी कर्करोग होतो का, हे त्यांना तपासायचे होते. पाठीवरचे केस काढून त्यांनी उंदरांना मंद लेसर दिला. कर्करोग झाला नाही, उलट लेसर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. १९६७ च्या या निरीक्षणापासून आजच्या उपचाराची सुरुवात मानतात. पूर्वी त्याला लो लेव्हल लेसर थेरपी म्हणत. आता फोटोबायोमॉड्युलेशन हे नाव रूढ आहे, कारण यात लेसरच हवा असे नाही आणि काम जाळण्याचे किंवा कापण्याचे नाही.

जाळण्याचे का नाही, ते एका ओळीच्या गणितात पाहू. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढायची तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचे. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी उत्तर येते सुमारे १.९. कार्बन-कार्बनचा साधा बंध तोडायला याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. म्हणजे हा फोटॉन डीएनएचे बंध तोडू शकत नाही. अतिनील किरणांचा आणि याचा मूळ फरक हाच.

मग तो करतो काय? पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक विकर असते. श्वसनसाखळीतली शेवटची पायरी तेच चालवते. त्यात लोह आणि तांब्याची केंद्रे असतात आणि ती तांबड्या व जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश शोषतात. रशियन शास्त्रज्ञ टिना कारू यांनी मांडलेला आणि आज सर्वांत जास्त उद्धृत होणारा विचार असा की प्रकाश शोषल्यावर या विकराचे काम वाढते, त्याला अडवून बसलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दुरुस्तीचे संकेत सुरू होतात. यावर अजून वाद आहेत. काही संशोधक पेशीतल्या इतर रेणूंकडेही बोट दाखवतात. परिणाम मात्र दोन बाजूंनी दिसतो : दाह कमी होतो आणि अस्तराची भरपाई लवकर होते.

लालच का? निळा-हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन गिळून टाकते आणि खूप पुढच्या अवरक्त पट्ट्यात पाणी तेच करते. मधल्या ६०० ते साधारण ९५० नॅनोमीटरच्या खिडकीतून प्रकाश ऊतीत काही मिलिमीटर आत जातो. तोंडाचे अस्तर मिलिमीटरपेक्षाही पातळ असल्याने आपल्याला तेवढे पुरते. अंधारात टॉर्चवर तळहात धरला की बोटे लाल का दिसतात, त्याचेही कारण हेच.

डोस : इथेच सगळे अडते

गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये सांगता येतो. प्रकाशाचा डोस एका आकड्यात सांगता येत नाही. निदान चार गोष्टी लागतात : तरंगलांबी, शक्ती, प्रकाश पडतो ते क्षेत्रफळ आणि वेळ. शक्तीला क्षेत्रफळाने भागले की शक्तिघनता मिळते आणि तिला सेकंदांनी गुणले की ऊर्जाघनता, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल, ते मिळते.

कर्करोग-उपचारांतील आधारसेवेचे काम करणाऱ्या 'मास्क' या आंतरराष्ट्रीय संघटनेने तोंडाच्या वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. २०१४ च्या आवृत्तीत मोठ्या मात्रेची केमोथेरपी घेऊन प्रत्यारोपण होणाऱ्यांसाठी ६५० नॅनोमीटर, ४० मिलिवॅट आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ ज्यूल असा डोस दिला होता. २०२० च्या आवृत्तीनेही प्रौढ रुग्णांत प्रतिबंधासाठी तोंडातून प्रकाशोपचाराची शिफारस केली, उपकरणाचे आकडे नेमके पाळण्याच्या अटीवर.

आता वेळ काढू. प्रकाश नेमका १ चौरस सेंटिमीटरवर पडतो असे धरा. शक्तिघनता झाली ०.०४ वॅट दर चौ. सेंमी. २ ला ०.०४ ने भागले की ५० सेकंद. प्रौढ माणसाच्या तोंडाच्या आतला पृष्ठभाग, दात धरून, २०० चौरस सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो. सगळीकडे प्रकाश द्यावा लागत नाही. हिरड्या, टाळूचा कडक भाग आणि जिभेची वरची बाजू यांवर जाड, शिंगासारखा थर असतो आणि केमोथेरपीचे व्रण तिथे कमी येतात. गाल, ओठ, जिभेच्या कडा आणि खालची बाजू, तोंडाचा तळ, मऊ टाळू एवढे भाग घेतले आणि समजा ४० ठिकाणे झाली, तर ४० गुणिले ५० म्हणजे २००० सेकंद, अर्ध्या तासाच्या वर. मळमळणाऱ्या, तोंड कोरडे पडलेल्या माणसाने रोज अर्धा तास आ वासून बसायचे, हा या उपचाराचा खरा खर्च आहे.

इथे अभियंत्याचा हात लगेच शिवशिवतो : शक्ती दहापट करा, ४०० मिलिवॅट, पाच सेकंदांत काम. ज्यूल तेवढेच भरतील. पण पेशी ज्यूल मोजत नाही. फोटोग्राफीच्या फिल्मवर तीव्रता आणि वेळ यांची अदलाबदल बऱ्याच मर्यादेपर्यंत चालते, इथे ती चालेलच असे नाही. शिवाय परिणामाचा आलेख एकाच दिशेने चढत जात नाही. डोस फार कमी असेल तर काहीच होत नाही, मधल्या पट्ट्यात फायदा होतो आणि जास्त झाला की फायदा नाहीसा होतो, कधी उलटाही परिणाम दिसतो. खताचे उदाहरण घ्या, दुप्पट युरिया टाकला म्हणून दुप्पट पीक येत नाही.

आता माझी चूक सांगतो. त्या प्रोजेक्टच्या पहिल्या बैठकीत मुलांनी हिशेब मांडला : साधा लाल एलईडी २० मिलिअँपियरवर चालतो, त्याच्यावर सुमारे २ व्होल्ट पडतात, गुणाकार ४० मिलिवॅट. मार्गदर्शक तत्त्वांतला आकडा तंतोतंत जुळला! मीही मान डोलावली आणि वहीत सही केली. रात्री घरी जाताना लक्षात आले की हे ४० मिलिवॅट एलईडीत जाणाऱ्या विजेचे आहेत, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही फायबर ऑप्टिक्स लॅबमधला पॉवर मीटर ६६० नॅनोमीटरच्या सेटिंगवर ठेवून मोजले. आकडा ५ मिलिवॅटच्या पुढे जाईना. तोही एलईडी डिटेक्टरला चिकटवून. थोडा लांब धरला की प्रकाश शंकूसारखा पसरतो आणि आकडा आणखी पडतो. डेटाशीटही उपयोगी पडली नाही, कारण तिच्यात मिलिकँडेला दिलेले असतात. कँडेला माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते मोजतो. ६५० नॅनोमीटरला आपला डोळा हिरव्याच्या तुलनेत साधारण दहा टक्केच संवेदनशील असतो. डोळ्याला किती झगझगीत वाटते आणि पेशीला किती ऊर्जा पोहोचते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी चूक लेसर पॉइंटरवाले करतात. समजा एखादा लेसर खरोखर ४० मिलिवॅटचा आहे, पण त्याचा ठिपका ३ मिलिमीटर व्यासाचा आहे. क्षेत्रफळ होते सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर. ५० सेकंद एकाच जागी धरला तर तिथे २ नव्हे, २८ ज्यूल दर चौरस सेंटिमीटर पडतात, चौदापट. शेजारच्या जागेला काहीच मिळत नाही. एलईडीवाला फार कमी देतो, पॉइंटरवाला फार जास्त, आणि दोघांच्याही कागदावर '४० मिलिवॅट, ५० सेकंद' असेच लिहिलेले असते.

मग दुपारच्या उन्हात तोंड उघडून बसले तर? वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, तेव्हा एकदा हिशेब करून टाकू. कडक ऊन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० मिलिवॅट असते, पण ६४० ते ६६० या पट्ट्यात त्यातले जेमतेम ३ मिलिवॅट येतात. सोबत अतिनील किरण येतात ते वेगळेच. आणि ज्या रुग्णाला हवासुद्धा गाळून दिलेल्या खोलीत ठेवले आहे, त्याला उन्हात नेणार कोण?

पुरावा किती भक्कम

सुरुवातीच्या प्रयोगांत एक गंमत आहे. अवकाशयानात रोपे वाढवण्यासाठी नासाने एलईडीच्या संशोधनाला पाठबळ दिले होते. तेच तंत्र वापरून अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे प्रत्यारोपणाच्या लहान मुलांना ६७० नॅनोमीटरचा प्रकाश दिला गेला : ५० मिलिवॅट दर चौ. सेंमी., ४ ज्यूल दर चौ. सेंमी. हा निबंध २००२ सालचा. निकाल उत्साहवर्धक होता, पण तुलना आधीपासून माहीत असलेल्या प्रमाणांशी होती. शेजारी प्रकाश न दिलेला, चिठ्ठी टाकून निवडलेला गट नव्हता. अशा अभ्यासावरून आशा धरता येते, नियम बनवता येत नाही.

२००७ साली दोन चाचण्या आल्या. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे ३८ रुग्णांच्या चाचणीत ६६० नॅनोमीटर, ५० मिलिवॅट आणि ४ ज्यूल दर चौ. सेंमी. असा लेसर वापरला. लेसरच्या गटात ९४.७ टक्के रुग्ण श्रेणी २ किंवा त्याखाली राहिले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३१.५ टक्के होते. वरची मोजपट्टी आठवा : २ आणि ३ यांच्यामध्ये भाकरी आणि पेज यांचे अंतर आहे. रुग्ण थोडे आहेत हे खरे, म्हणून टक्केवारीतल्या दशांशावर फार विसंबू नका. फरकाची दिशा आणि आकार पाहा.

दुसरी चाचणी सिअॅटलची, ७० रुग्णांची. ती मला शिकवायला जास्त आवडते. तिच्यात ६५० आणि ७८० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींची खोट्या उपचाराशी तुलना केली. ६५० ने व्रण आणि वेदना कमी झाल्या, ७८० ने तसा फायदा दिसला नाही. यावरून ७८० कायमचे बाद होत नाही, पण 'लाल-बिल काहीही चालेल' हे म्हणणे नक्कीच बाद होते.

आपल्या देशातले मोठे काम कर्नाटकात, मंगळूर-मणिपालकडे झाले. ते प्रत्यारोपणाच्या नव्हे, तर डोके-मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र घेणाऱ्या रुग्णांवरचे होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत २२१ रुग्ण होते आणि ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर वापरला होता. तीव्र म्युकोसायटिस आणि वेदना, दोन्ही कमी झाल्या. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे इतके आहेत की या उपयोगाची व्याप्ती प्रत्यारोपणापेक्षाही मोठी ठरते. मात्र तिथे प्रकाश थेट गाठीवर पडू नये याची वेगळी काळजी घ्यावी लागते.

प्रकाशाने सगळेच साधते असे नाही. प्रत्यारोपणानंतर तोंडात बुरशी वाढते, नागिणीच्या कुळातले विषाणू डोके वर काढतात, त्यांना त्यांचीच औषधे लागतात. दुसऱ्याच्या मूळपेशी घेतल्या असतील तर काही महिन्यांनी त्या नव्या पेशी रुग्णाच्या अस्तरावरच हल्ला करतात आणि गालात पांढऱ्या जाळीदार रेषा व कोरडेपणा येतो. त्यावरही प्रकाशोपचाराचे प्रयत्न झाले आहेत, पण पुरावा म्युकोसायटिसइतका नाही. आणि मेल्फालन देताना तोंडात बर्फाचे तुकडे धरून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय विसरू नका. रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध अस्तरापर्यंत कमी पोहोचते. मेल्फालन रक्तात फार वेळ टिकत नसल्याने ही युक्ती चालते, आणि मार्गदर्शक तत्त्वांतही तिचा समावेश आहे.

उपकरण बनवायचेच असेल तर

लेसर विरुद्ध एलईडी या वादात फार गुंतू नका. ऊतीत शिरताच प्रकाश इतका विखुरतो की लेसरची सुसंगती फारशी टिकत नाही. डोस तोच असेल तर एलईडीही काम करू शकतो. अडचणी दुसरीकडे आहेत, आणि त्या नेमक्या आपल्या शाखांच्या आहेत.

डायोड तापला की त्याची तरंगलांबी सरकते आणि वर्षागणिक त्याची शक्ती घटते. म्हणून डब्यावरचा आकडा न मानता ठरावीक काळाने पॉवर मीटरवर मोजावे लागते. प्रोब एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो आणि ज्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी नाहीत त्याच्या बाबतीत जंतुसंसर्गाची चूक जिवावर बेतू शकते. म्हणून प्रोबवर दर वेळी नवे पारदर्शक आवरण चढवतात. ते आवरणही थोडा प्रकाश खाते, तेव्हा मोजणी आवरण चढवून करायची. व्रणाला प्रोब टेकवला की रुग्ण कळवळतो, प्लेटलेट कमी असल्याने रक्तही येऊ शकते, म्हणून तो थोडा लांब धरावा लागतो. लांब धरला की ठिपका मोठा होतो आणि शक्तिघनता घटते. हे अंतर हाताच्या अंदाजावर सोडायचे की प्रोबच्या टोकाला एखादा टेकू द्यायचा, हा उत्तम डिझाइनचा प्रश्न आहे. ५ ते ५०० मिलिवॅटचे लेसर डोळ्यांसाठी घातक अशा ३बी वर्गात मोडतात. रुग्ण आणि देणारा, दोघांनाही त्या तरंगलांबीचा चष्मा हवा, साधा गॉगल चालत नाही.

कायदाही पाहून ठेवा. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. कॉलेजच्या लॅबमध्ये बनवलेली वस्तू कोणाच्या तोंडात घालायची नाही, मग तो मित्र असो की स्वतःचे काका. त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी, डॉक्टर आणि रीतसर चाचणी लागते.

आमच्या त्या गटाने शेवटी प्रकाश देणारे यंत्र बनवलेच नाही. त्यांनी प्रकाश मोजणारे बनवले : फोटोडायोड, अॅम्प्लिफायर, एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर आणि प्रोबचे टोक बसेल अशी १ चौरस सेंटिमीटरची खिडकी. प्रोब खिडकीवर धरला की आवरणासकट प्रत्यक्ष शक्ती दिसते आणि ठरवलेल्या डोसला किती सेकंद लागतील तेही पडद्यावर येते. पहिल्या चाचणीत दोन मोजणींत मोठा फरक आला. दिवसभर कारण शोधल्यावर कळले की खिडकीतून लॅबच्या ट्यूबलाइटचा उजेड आत येत होता. मग त्यांनी आधी अंधारातली मोजणी घेऊन ती वजा करायची सोय केली.

स्वाध्याय

पहिला प्रश्न. एका प्रोबची शक्ती ४० मिलिवॅट आहे, पण आवरण चढवल्यावर मीटर ३४ मिलिवॅट दाखवतो. ठिपका १ चौरस सेंटिमीटरचा आहे. २ ज्यूल दर चौ. सेंमी. साठी किती सेकंद लागतील? आवरणाकडे दुर्लक्ष करून ५० सेकंदच दिले तर प्रत्यक्ष डोस किती?

दुसरा प्रश्न. तोच प्रोब थोडा लांब धरल्यामुळे ठिपक्याचा व्यास १.६ सेंटिमीटर झाला. आवरण नाही असे धरा. ५० सेकंदांत किती ऊर्जाघनता मिळेल?

तिसरा प्रश्न. रिओच्या चाचणीत प्रकाश देणाऱ्या फायबरच्या टोकाचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस सेंटिमीटर होते. ५० मिलिवॅटवर ४ ज्यूल दर चौ. सेंमी. साठी एका ठिकाणी किती वेळ लागेल? विस्कॉन्सिनच्या प्रयोगात ५० मिलिवॅट दर चौ. सेंमी. वर तेच ४ ज्यूल द्यायला किती वेळ लागला असेल? दोन्हीकडे '५०' आणि '४' हेच आकडे असून वेळ वेगळा का येतो, ते दोन वाक्यांत लिहा.

उत्तरे : पहिल्याचे सुमारे ५९ सेकंद आणि १.७ ज्यूल दर चौ. सेंमी.; दुसऱ्याचे सुमारे १ ज्यूल दर चौ. सेंमी.; तिसऱ्याचे सुमारे १६ सेकंद आणि ८० सेकंद.